कपाट उघडण्याआधी

"मैडम, कपाट तो अभी खुले नहीं हैं," सोबनसिंह म्हणाला आणि त्याने चहात बिस्कीट बुडवलं. बिस्कीट मधोमध तुटून ग्लासात पडलं. दोन्हींपैकी त्याला बिस्किटाचं जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "भावजी, कसलं कपाट?"

"त्यांचं घरगुती काहीतरी असेल," मी म्हणालो.

"देखो भैया," वहिनी त्याला समजावून सांगायला लागली, "हमको कपाट का कुछ काम नहीं है. हमको सिर्फ तलाव देखने का है. सामान हमारा इधरीच रखेंगे."

सोबनसिंहाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. उत्तरेकडच्या त्या डोंगरी गावात उन्हाळ्यात गाईड आणि एरवी शाळेच्या जीपचा ड्रायव्हर, असा त्याचा व्यवसाय होता. त्यामुळे त्याला न कळणाऱ्या माणसांची सवय असावी. "कपाट मतलब दरवाज़े," तो सावकाश म्हणाला. "ताल के किनारे नागदेवता का मंदिर है. सर्दियों में बंद रहता है. कपाट खुलते हैं, तब गाँव वाले जाके रास्ता साफ़ करते हैं. आप लोग थोड़ा पहले आ गए."

"हे लोक दाराला कपाट म्हणतात," मी वहिनीला सांगितलं.

"मग कपाटाला काय म्हणतात?"

मी सोबनसिंहाला विचारलं. तो म्हणाला, "अलमारी," आणि ग्लासातलं बिस्कीट बोटाने काढायला लागला.

रस्त्यात झाडं पडली असतील, बर्फ असेल, पुलाचं सांगता येत नाही, असं सगळं त्याने सांगून पाहिलं. वहिनीने शांतपणे ऐकून घेतलं, बुटाची नाडी आवळली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "मी सांगलीहून आलेय." ते त्याला बरोबर कळलं. आम्ही निघालो.

हे तळं वहिनीला साखर कारखान्याच्या लॅबमध्ये सापडलं होतं. ती तिथे केमिस्ट होती आणि तिच्या टेबलासमोर एका केमिकल कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यातल्या मे महिन्यावर निळंशार तळं, भोवती डोंगर, काठावर एक चिमुकलं देऊळ. गळीत हंगाम संपला, रजा मिळाली, तशी ती आईला म्हणाली, "मी हे बघून येऊ का?" आई म्हणाली, "ये की. याला घेऊन जा, रिकामाच आहे." मी इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर देऊन नुकताच रिकामा झालो होतो, त्यामुळे वाक्याला हरकत घेता आली नाही.

मी का गेलो, ते मात्र वेगळं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आईने मला गच्चीवर बोलावलं. ती उन्हात कुरडया उलटत होती.

"हंकारे येऊन गेले," ती म्हणाली.

हंकारे वहिनीच्याच कारखान्यात इंजिनिअर होते. आडनावाला जागून ते प्रत्येक गोष्टीला नुसतं 'हं' म्हणायचे. त्यांनी वहिनीला लग्नाचं विचारलं होतं. वहिनीने घरी एक अक्षर सांगितलं नव्हतं, आणि त्यांना 'तळ्यावरून आल्यावर सांगते' असं म्हटलं होतं. हे त्यांनी स्वतःच येऊन आईला सांगितलं, कारण घरच्यांना ठाऊक नसताना विचारणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं.

"माणूस बरा आहे," आई म्हणाली. "सरबतात मीठ जास्त झालं होतं, तरी सगळं प्यायला."

"मग तू बोल ना तिच्याशी."

"मी 'कर' म्हटलं तर तिला वाटेल सासू घालवते. काहीच नाही म्हटलं तर वाटेल सासू अडवते. तू सांग. हो म्हण म्हणावं, आणि हे घर तुझंच आहे म्हणावं. दोन्ही सांग. एकच सांगशील आणि घोटाळा करून येशील." एक कुरडई मोडली, ती तिने माझ्या हातावर ठेवली. "आणि चेष्टा करू नकोस. निदान तेवढं बोलून होईपर्यंत."

ही अट अवघड होती. दादा गेला त्यानंतर आमच्या घरात जेवताना कुणी बोलेना. ताटांचा आवाज तेवढा यायचा. म्हणून मी काहीबाही बोलायला लागलो. कारलं मला घाबरतं, शेजारच्यांची मांजर आपल्याकडे नोकरीला आहे, असं. वहिनी कधीकधी किंचित हसायची. तीन वर्षं मी याच कामावर होतो. दुसरं कुठलं बोलणं मला येईनासं झालं होतं.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी दहावीत होतो. "भावजी, तुम्ही जेवलात का?" असं तिने विचारलं, तर मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मला 'अहो' म्हणणारी ती जगातली पहिली व्यक्ती. अशा माणसाला 'तू आता दुसरं लग्न कर' हे कुठल्या आवाजात सांगायचं?

पहिला प्रयत्न देवदारांखाली झाला. हिवाळ्यात तीन मोठाले देवदार वाटेवर आडवे झाले होते. वरून जाता येत नव्हतं, खालून सरपटायचं. वहिनी अर्धी आत गेली आणि तिच्या पाठीवरची पिशवी फांदीला अडकली. आता ती कुठे जाऊ शकत नव्हती. मला ही संधी वाटली.

"वहिनी, मला तुला एक सांगायचंय."

"आत्ता?" खोडाखालून आवाज आला.

"तुला सवड असेल तर."

"भावजी, आधी पिशवी सोडवा."

मी पिशवी सोडवली. पलीकडे गेल्यावर तिने केसातल्या काटक्या काढल्या आणि म्हणाली, "मलाही तुम्हाला एक सांगायचंय. पण इथे नको. तळ्यावर."

"वाईट आहे?"

"तुमचं?"

"माझं ठीक आहे."

"मग माझंही ठीक आहे," ती म्हणाली आणि चालायला लागली. दोघांचंही ठीक असल्यामुळे विषय तिथेच संपला.

पुढे ओढा आला. पूल नव्हता.

"पुल है," सोबनसिंह म्हणाला. "वो रहा."

पलीकडच्या काठावर फळ्यांची व्यवस्थित चळत रचलेली होती. वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर दगड.

"बर्फ में बह जाता है ना. इसलिए हर साल खोल के रख देते हैं."

"पण उधर क्यों रखा?" मी विचारलं.

"जिसने रखा, उसका घर उधर है."

बूट गळ्यात अडकवून आम्ही पाण्यात उतरलो. पाणी थंड होतं म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. पोटऱ्यांपर्यंत पाय आहेत की नाहीत ते बघूनच ठरवावं लागत होतं. वहिनीने माझा हात घट्ट धरला होता. मला वाटलं, आत्ताच बोलावं, आत्ता ती हात सोडून जाणार नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "हं... हं... हं..."

दात वाजत होते. हंकारेंच्या पहिल्या अक्षरापुढे जाताच येईना.

"हं... हं..."

वहिनी पाण्यात थांबली. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं सगळं कळलं.

"असं का करताय?"

"थंडी," मी म्हणालो. हा शब्द बरोबर आला.

काठावर पाय पुसताना ती माझ्याकडे बघत नव्हती. कान लाल झाले होते, पण ते थंडीनेही होतात.

ओढ्यानंतर दुसऱ्या गावाकडून येणारी एक वाट आमच्या वाटेला मिळाली आणि पुढे ती डोंगराच्या कडेने अरुंद होत गेली. डावीकडे उभा खडक, उजवीकडे खाली ओढा. वळण घेतलं आणि सोबनसिंह थांबला. त्याच्यामागे वहिनी थांबली. मी तिच्या पाठीवर आपटलो.

वाटेत कपाट होतं.

देवळाचं दार नव्हे. आपलं कपाट. लोखंडी, दोन दारांचं, हिरवट राखाडी रंगाचं, एका दारावर आरसा. ते वाटेवर उताणं पडलं होतं. पायथा खडकाला आणि डोकं एका झाडाच्या बुंध्याला अडकून असं गच्च बसलं होतं, की खालून किंवा बाजूने जायला जागा नव्हती, जायचं तर त्याच्यावरूनच. आरशात आकाश आणि एक घार दिसत होती. आसपास माणूस नाही.

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"भावजी," वहिनी हळूच म्हणाली, "कपाट."

"बंद है," मी सोबनसिंहाला म्हणालो. तो हसला नाही.

तो म्हणाला, वरच्या वस्तीत लग्न आहे, मुलीकडून सामान निघालंय, ही अलमारी इथे अडकली म्हणून उचलणारे आणखी माणसं आणायला गेले असतील. "या खाना खाने," त्याने प्रामाणिकपणे भर घातली. मग मांजरासारखा कपाटावरून पलीकडे उतरला आणि मी बोलवून आणतो, असं सांगून निघून गेला. वहिनी आरसा चुकवून कडेकडेने, गुडघ्यांवर रांगत पलीकडे गेली. मग मी.

मीही आरसा चुकवला. आरसा फोडला तर सात वर्षं नशीब फिरतं की काय ते असतं, आणि इथे तर नशीब दुसऱ्याच मुलीचं होतं. म्हणून मी आरसा नसलेल्या दारावर पाय दिला. त्या दाराची कडी लागलेली नव्हती आणि पत्रा माझ्या वजनाला तयार नव्हता. दार आतल्या बाजूला दबलं, बिजागरीतून निसटलं, मोठा गडगडाट झाला आणि मी कपाटात उताणा पडलो. दार माझ्या पोटावर.

मग हसणं ऐकू आलं. वहिनी हसत होती. किंचित नव्हे. पोट धरून, मध्येच श्वास लागून, "अगं आई गं" म्हणत. मी तीन वर्षं रोज दोन वेळा जेवताना ज्याच्यासाठी खपलो होतो, ते हसणं. त्यासाठी नुसतं कपाटात पडायचं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

"लागलं का हो?" हसता हसता तिने विचारलं.

"वहिनी," मी म्हणालो, "हंकारेंना हो म्हण."

हसणं थांबलं.

मला ती दिसत नव्हती. आकाशाचा चौकोन दिसत होता. पत्र्यामुळे माझा आवाज घुमत होता, रेडिओवर बातम्या द्याव्यात तसा. त्यात माझा मलाच आवाज ओळखू येत नव्हता, म्हणूनच बहुतेक बोलता आलं.

"आईला माहितीये. ते घरी येऊन गेले. खारट सरबत सगळं प्यायले. आई म्हणते, हो म्हण. आणि हे घर तुझंच आहे. दोन्ही सांगायला सांगितलंय. मी दोन्ही सांगितलं."

मग चौकोनाच्या कडेला तिचा चेहरा आला. डोळे ओले होते, पण ते हसून हसूनही होतात.

"हे आईंनी सांगितलं?"

"हो. कुरडया उलटताना."

"आणि तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी कपाटात पडलोय. माझ्या म्हणण्याला काय किंमत."

"भावजी."

"माझंही तेच म्हणणं आहे," मी म्हणालो.

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात पलीकडून माणसांचा गलका आला. सोबनसिंह आणि लग्नघरातले पाचसहा जण. त्यांनी कपाटात डोकावून बघितलं. फेट्यावाले एक आजोबा बाकीच्यांना म्हणाले, "लड़की वालों ने साथ में भाई भी भेजा है क्या?"

आधी मला काढलं, मग कपाट उभं केलं. दार जागेवर बसवलं, पण लागेना. एक जण ओढू लागला, दुसरा शिव्या देऊ लागला, आजोबा माझ्याकडे बघू लागले.

"हटो, हटो," वहिनी पुढे झाली. तिने मूठ धरून दार जरा वर उचललं आणि खाली डाव्या कोपऱ्यावर गुडघ्याने एक ठोसा दिला. खट्. दार लागलं. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"हमारा भी ऐसाच है," ती म्हणाली.

ते कपाट घेऊन गेले. आरशात डोंगर हलत हलत लांब गेले.

त्यानंतर बर्फ लागला. आधी ठिगळांसारखा, मग सगळीकडे. सोबनसिंह टाचेने पायऱ्या खणत पुढे चालला होता आणि "बस, सामने ही है" असं म्हणत होता. हे तो सकाळपासून म्हणत होता. मला सारखं वाटत होतं, आपण दोन्हींपैकी एक वाक्य नीट म्हटलं नाही.

शेवटी आम्ही एका पांढऱ्या, सपाट मैदानाशी आलो. भोवती डोंगर. मधे काहीच नाही.

"यही है," सोबनसिंह म्हणाला.

"कुठाय?" वहिनीने विचारलं.

"इसके नीचे. यहाँ से आगे पाँव मत रखना."

वहिनीने त्या मैदानाकडे बघितलं. बर्फातून देवळाचं उतरतं छप्पर आणि लाकडी दारांचा वरचा हातभर भाग बाहेर आला होता. बाकी सगळा देव बर्फात. कॅलेंडरवाल्याने ऑक्टोबरातलं तळं मे महिन्यात छापलं होतं.

"परत करता येईल का कंपनीला?" मी म्हणालो.

ती एका दगडावर बसली. मी शेजारी बसलो. सोबनसिंह जरा लांब जाऊन देवळाकडे तोंड करून हात जोडून उभा राहिला.

"ह्यांना चढ चढवायचा नाही," वहिनी एकदम म्हणाली. दादाला ती 'हे'च म्हणायची. "एकदा दंडोबाला गेलो होतो, तर निम्म्या डोंगरात मला म्हणाले, इथे रिक्षा मिळते का बघ."

"जिना चढला तरी पाणी मागायचा."

"तेच तर. घरात जिथे बसेन तिथे ते आहेत. लॅबमध्ये त्यांनी दिलेला डबा आहे. बाजारात गेले तर त्यांचे मित्र. मला अशा ठिकाणी जाऊन बसायचं होतं, जिथे ते कधी आलेच नसते. मरायची धमकी दिली असती तरी. तिथे बसून ठरवायचं होतं, हंकारेंना काय सांगायचं."

"मग?"

"मग काय. निम्म्या वाटेत कपाट."

ती हसली, आणि या वेळी डोळ्यांतलं पाणी हसण्याचं नव्हतं, हे मलाही कळलं.

तिचं कपाट घरात आलं तो दिवस मला चांगला आठवत होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आलं आणि आमच्या जिन्याच्या वळणात अडकलं. मी वर, बाकी घर खाली. दिवसभर पाहुणे शेजाऱ्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर उतरत होते. दादा खालून ढकलत होता आणि ओरडत होता, "बायको आत आली, कपाट बाहेर! निम्मंच लग्न झालंय माझं!" संध्याकाळी ते सुटलं, पण दार वाकलं ते वाकलंच. मग दादानेच तिला शिकवलं, उघडताना असो की लावताना, मूठ वर उचलायची आणि डाव्या कोपऱ्यावर गुडघा.

"तुला काय सांगायचं होतं?" मी विचारलं. "तळ्यावर सांगणार होतीस."

"की मी नाही म्हणणार आहे." ती बर्फाकडे बघत होती. "निघतानाच जवळजवळ ठरलं होतं, इथे बसून पक्कं करायचं होतं. आईंना काय तोंडाने विचारू? एक गेलाय त्यांचा, आता मीही जाते म्हणू? निदान तुम्हाला तरी सांगता यावं, म्हणून तुम्हाला आणलं."

"आई म्हणाली, मी रिकामा होतो म्हणून."

"तेही."

वारा सुटला. सोबनसिंहाने टोपी कानांवर ओढली आणि आम्हाला खूण केली, निघायला हवं. वहिनी उठली नाही.

"हंकारेंच्या क्वार्टरला गोल जिना आहे," ती म्हणाली. "लोखंडी."

"तू बघून आलीस?"

"चहाला गेले होते एकदा." कान पुन्हा लाल. "त्यातून कपाट वर जाणार नाही."

मला एकदम सुचलं ते फार बरं होतं. गोल कपाट करून घेऊ, वगैरे. ते माझ्या ओठांपर्यंत आलं. मी तोंड मिटलं. मग म्हणालो, "नेऊ नकोस."

"मग?"

"राहू दे आहे तिथे. तुझ्या साड्यांसकट. किल्ली तुझ्याजवळ ठेव."

तिने माझ्याकडे बघितलं. चेष्टा आहे का, ते तपासत असावी.

"आणि मी सणाला आले, तर..."

"तर उघड."

"वर्षातून एकदा?"

मी देवळाच्या बर्फातल्या दारांकडे बोट दाखवलं. "त्यांचं चालतं की."

तिने तिकडे बघितलं. मग उठली, कपड्यांवरचा बर्फ झटकला, आणि बर्फातल्या त्या हातभर दारांना तिने लांबूनच नमस्कार केला. परतीच्या वाटेवर ओढ्यात ती माझ्या पुढे होती. मध्यभागी थांबून मागे वळली आणि म्हणाली, "भावजी, हं... हं... हं..." आणि इतकी हसली, की पडली असती.

याला सात वर्षं झाली. त्याच दिवाळीनंतर लग्न झालं. मांडवात वहिनीने "भावजी, अक्षता" अशी हाक मारली, तेव्हा हंकारेंचा भाऊ आणि मी, दोघंही एकदम वळलो. तिने ताट माझ्याकडे दिलं.

कपाट आमच्याकडेच आहे. आई त्यावर दर शनिवारी ओलं फडकं फिरवते, पण आत काही ठेवत नाही, साधी पिशवीसुद्धा. परवा दिवाळीला वहिनी आली. हंकारे सोफ्यावर बसले, आईने त्यांना सरबत दिलं. "मीठ बरोबर आहे ना?" तिने विचारलं. ते म्हणाले, "हं." त्यांची मुलगी जिन्यावरून पळत वर गेली आणि तिच्यामागे वहिनी.

आई फोनवर मावशीशी बोलत होती. गावची कुणाची तरी सून, तिचं काहीतरी. बोलता बोलता ती मध्येच थांबली. वरून आधी किल्लीचा आवाज आला, मग पत्र्याचा, मग गुडघ्याचा तो ठोसा.

"नंतर करते गं," आई फोनवर म्हणाली. "आमचं कपाट उघडलं."